हात दाखवून वळणारे वकीलसाहेब

वळायच्या आधी ते हात दाखवायचे. मागे कोणी असो वा नसो. भोकरदनच्या कोर्टाकडून माझ्या दुकानाच्या गल्लीत वळताना वकीलसाहेब सायकल हळू करायचे, एकदा मान वळवून मागे बघायचे, उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढायचे, तळहात पुढे, आणि मगच वळायचे. मागे बहुतेक वेळा एखादी शेळी असायची. शेळीलासुद्धा आपला बेत आधी कळलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता त्या काळातली ही गोष्ट. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दहा सायकली तासाच्या भाड्यानं फिरायच्या. कोर्टातले बाकीचे वकील स्कूटरवर नाहीतर पायी यायचे. हे एकटे सायकलवर. काळा कोट कॅरियरला नीट घडी करून बांधलेला, उजव्या पायाला पँटची क्लिप, पुढे चकचकीत घंटी. रोज सकाळी हवा बघायला माझ्याकडे थांबायचे. हवा बराबर असली तरी थांबायचे, कारण माझ्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कायदा सांगणं हा त्यांचा खरा धंदा होता. कोर्टातला जोडधंदा म्हणायचा.

"सायकल हे वाहन हाये," ते म्हणायचे. "लोक तिला चप्पल समजून राह्यले. पायात घातली की निघाले."

त्यांच्या या वेडाच्या गोष्टी गावात घरोघर होत्या. एकदा हसनाबादकडून येताना दिवस मावळला आणि त्यांच्या दिव्यातलं रॉकेल संपलं. साहेब खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालत गावात आले. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय साहेब, पंक्चर का?" हे म्हणायचे, "न्हाई, दिवा न्हाई." लोक आभाळाकडे बघायचे. पुनवेचा चंद्र वर आलेला, रस्ता दुधासारखा दिसत होता. "चंद्र सायकलला बसवलेला न्हाई," हे साहेबांचं उत्तर.

दुसऱ्यांदा त्यांचे मेहुणे बदनापूरहून आले. एसटी स्टँडवर साहेब सायकल घेऊन हजर. मेहुण्यांनी आनंदानं कॅरियरवर पाय टाकला. "उतरा," साहेब म्हणाले. "डबल सीट चालत न्हाई." मग मेहुण्यांची पिशवी कॅरियरवर आणि मेहुणे शेजारून पायी, अशी वरात माझ्या दुकानावरून गेली. मी हसू दाबत विचारलं, "साहेब, पिशवीला चालतं का?" ते थांबले, विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "पिशवीला चालतं." मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पान्हा घेऊन आत गेलो.

तर असा माणूस. माझं आणि त्यांचं भांडण मात्र एका गोष्टीवरून कायम होतं, आणि ती गोष्ट कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडची रीत अशी. रस्त्यावर एखाद्याला जीपनं, ट्रॅक्टरनं उडवलं की माणूस जातो दवाखान्यात आणि सायकल येते माझ्याकडे. माणूस बरा होऊन घरी यायच्या आत सायकल सरळ झाली पाहिजे. वाकडी सायकल दारात उभी राहिली की येणारा-जाणारा विचारतो, आणि विचारणाऱ्याला सांगून सांगून घरचे कंटाळतात. त्यामुळे "मिस्त्री, जल्दी करा, जशी होती तशी करा," असं म्हणून लोक ती आणून टाकायचे. आणि मी करायचो. उगाच बढाई नाही, पण चाकाची आऊट काढण्यात, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करण्यात, त्या काळी तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

इथेच साहेबांचा पारा चढायचा. "आधी पट्टी, मंग पंचनामा, अन् सायकलला हात लावायचा न्हाई," हा त्यांचा मंत्र होता. कुठून धडक बसली हे सायकल सांगते, तुम्ही तिचं तोंड बंद करता, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही सरळ करता म्हणून मी हरतो, मिस्त्री." मी म्हणायचो, "साहेब, वाकडं बघून मला जेवण जात न्हाई." ते म्हणायचे, "मंग उपास करा."

आता सिस्टरबद्दल. हसनाबादच्या बाजूला एक नर्सबाई होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. चार वस्त्यांवर पायी हिंडून लेकरांना लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या, हे त्यांचं काम. त्या वस्त्यांवर एसटी जात नव्हती. मिस्टर औरंगाबादला कारखान्यात, घरी सासरे. बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर, सुनेला शिकवलेलं आणि नोकरीवर पाठवलेलं, पण सून सायकलवर बसणार म्हटल्यावर म्हातारा अडला होता. सहा महिने अडला. शेवटी त्यानंच येऊन माझ्याकडून जुनी लेडीज सायकल नेली.

सायकल घेतली त्या दिवशी वकीलसाहेब बाकावर होतेच. त्यांनी सिस्टरला शाळेच्या मैदानात नेलं आणि तासभर हात दाखवायला शिकवलं. "सरळ. खांद्याच्या रेषेत. कोपर वाकवू नका. वळून होईपर्यंत न्हाई, पण मागच्याला दिसेपर्यंत ठिवा. आधी हात, मंग वळण." म्हातारा मैदानाच्या कडेला बसून बघत होता. जाताना मला हळूच म्हणाला, "वकील बराय ना डोक्यानं?"

वर्ष-दीड वर्ष सिस्टर सायकलवर हिंडल्या. मग एका सकाळी वस्तीच्या फाट्यावर मागून जीप आली. सिस्टर उजवीकडे वळणार होत्या. जीपनं त्यांना उडवलं. त्यांना जालन्याला दवाखान्यात नेलं. उजवा हात कोपराजवळ मोडला होता, डाव्या अंगाला खरचटलं होतं. जीपवाल्याचं म्हणणं एकच: बाई अचानक आडवी वळली, हात दाखवला नाही. बघणारं तिसरं कोणी नव्हतं.

गावात मग व्हायची ती चर्चा झाली. बाईमाणूस सायकलवर बसल्यावर दुसरं काय होणार. एकानं तर माझ्या दुकानात बसून म्हण टाकली, "वकिलानं शिकवलं अन् हात दाखवून अवलक्षण झालं." मी त्याच्या सायकलीत हवा भरत होतो. पंप बंद केला आणि अर्धी हवा घेऊनच घरी जा म्हटलं.

पण खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मीच माती खाल्ली. म्हातारा बैलगाडीत सायकल घालून घेऊन आला. मागचं चाक आत दबलेलं, मडगार्ड सीटखाली घुसलेलं. "सरळ करा, मिस्त्री. अन् गिऱ्हाईक आलं तर इकून टाका. माझ्या घरात परत सायकल नको." मला साहेबांचा मंत्र ठाऊक होता. आठवलाही. पण वाकडी सायकल समोर आली की माझे हात माझं ऐकत नसत. दुपारच्या जेवणापर्यंत नवी रिंग, नवं मडगार्ड, तारा ताणलेल्या, साखळीला तेल. संध्याकाळी सायकल अशी उभी होती की जणू कालच पेटीतून काढली.

साहेब आले, हात दाखवून वळले आणि सायकल बघून बाकावर बसले. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. 

मग म्हणाले, "मिस्त्री, मी शिकवलं नसतं तर तिचा हात हँडलवर राह्यला असता. मोडला नसता."

आता माझ्या लक्षात आलं की हा माणूस सायकलीवर चिडलेला नव्हता. दोन दिवस तो स्वतःलाच उलटतपासणीत उभा करत होता. मला फार वाईट वाटलं, आणि माझी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ते जालन्याला सिस्टरला भेटायला गेले, मलाही नेलं. हात प्लास्टरमध्ये. साहेबांनी चाचरत तेच वाक्य म्हटलं, मी शिकवलं नसतं तर. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, हात दाखवला नसता तर चूक माझी असती. आता तरी न्हाई ना?" मग हळू आवाजात त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सासऱ्यांनी सांगितलं होतं, कोर्ट म्हणेल सुनेची चूक नाही, तर बसेल ती सायकलवर. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. "पैसे मिळू न मिळू, साहेब. वस्तीवरच्या बाया वाट बघतेत. मला माझी सायकल पाहिजे."

परतीच्या एसटीत साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "मिस्त्री, जुनी रिंग कुठाय?"

आता आमच्या धंद्यात एक आहे. आम्ही काही फेकत नाही. जुन्या ट्यूबचे पट्टे होतात, जुन्या टायरचे चपलांचे तळ. आणि तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानाची पाटी म्हणजे काय? वरती टांगलेली जुनी रिंग. आधीची रिंग गंजून पडली होती म्हणून मी त्याच दुपारी सिस्टरच्या सायकलची वाकडी रिंग दुकानाच्या दर्शनी खिळ्याला अडकवली होती. साहेब तिच्या खालीच बसून दुःख करत होते. आणि मडगार्ड? ते मी पत्र्याच्या वळचणीला पन्हाळ म्हणून बांधलं होतं.

एसटीतून उतरल्यावर वकीलसाहेब जे पळाले! वळताना हात दाखवला, पायी होते तरी. स्टुलावर चढून त्यांनी रिंग बघितली, मडगार्ड बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. "आडवी वळली असती तर धक्का बाजूनं बसला असता. चाक बाजूला मुडपलं असतं. हे बघा, सरळ मागून आत दबलंय. सिस्टर अजून वळलीच नव्हती! रस्त्यात सरळ होती, हात बाहेर होता, अन् जीप मागून आली." मग मला दम दिला, "आता याला हात लावाल तर तुमच्यावर केस करीन."

दावा जालन्याला चालला. दोन वर्षं लागली. तोपर्यंत सिस्टर पायीच हिंडत होत्या आणि सायकल माझ्या दुकानात पोतं घालून झाकलेली. म्हातारा बाजारच्या दिवशी यायचा, पोत्याकडे बघायचा, "इकली का?" विचारायचा. मी म्हणायचो, "गिऱ्हाईक न्हाई, बाबा." गिऱ्हाइकं तीन आली होती. तिघांना मी पोत्याखाली भंगार आहे म्हणून सांगितलं.

माझी साक्ष ज्या दिवशी होती त्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून, रिंग आणि मडगार्ड चादरीत गुंडाळून एसटीनं जालन्याला गेलो. कंडक्टरनं चादरीचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, "हा साक्षीदार हाये." त्यानं लगेज लावलं.

जीपच्या विमा कंपनीचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "ही रिंग त्याच सायकलची कशावरून?" मी सांगितलं की सायकल विकताना मीच या चाकात तीन तारा जाड घातल्या होत्या, त्या मोजून घ्या. "रोज पन्नास चाकं करता, लक्षात कसं राहतं?" मी म्हटलं, "साहेब, ज्याला स्वतःच्या हातचं काम ओळखू येत न्हाई त्यानं दुकान बंद करावं." मला स्फुरण चढलं. रिंग हातात होती. मी धक्का कुठून बसला ते दाखवू लागलो आणि बोलता बोलता, देवाशपथ सांगतो, माझे दोन्ही अंगठे आपोआप रिंगेच्या वाकड्या जागी गेले आणि दाबू लागले.

"हात लावू नका!" वकीलसाहेब ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय करताय तुम्ही?" मी घाबरून खरं तेच बोललो. "सवय हाये, साहेब. वाकडं दिसलं की हात जातो." सगळं कोर्ट हसलं. विमा कंपनीचे वकीलही हसले. पण जज्जसाहेबांनी रिंग माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवायला सांगितली, आणि मग ती स्वतः नीट फिरवून बघितली. पुढे साहेब म्हणायचे, मिस्त्रीच्या अंगठ्यांइतकी खरी साक्ष मी उभ्या जन्मात पाहिली न्हाई.

त्यानंतर सिस्टर उभ्या राहिल्या. साहेबांनी फार विचारलं नाही. "पडलात कोणत्या अंगावर?" "डाव्या." "खरचटलं कुठं?" "डाव्या अंगाला." "मंग मोडला उजवा हात कसा?" सिस्टर म्हणाल्या, "तो बाहेर होता, साहेब. जीपचा आरसा लागला." साहेब म्हणाले, "कसा होता, कोर्टाला दाखवा." सिस्टरनी हात वर केला. खांद्याच्या रेषेत, तळहात पुढे. फक्त कोपरापाशी तो पूर्ण सरळ होईना. मोडलेलं हाड तसंच जुळलं होतं. साहेबांनी शिकवल्याप्रमाणे त्या तो सरळ करायचा प्रयत्न करत होत्या आणि होत नव्हता. साहेबांनी खाली बघितलं आणि कागद चाळले. त्या कागदांवर बघण्यासारखं काही नव्हतं, मी शेजारी होतो, मला माहीत आहे.

निकाल लागला. चूक सर्वस्वी जीपवाल्याची. सिस्टरना भरपाई मिळाली ती त्यांनी कशाला वापरली हे मी विचारलं नाही. माझ्या लक्षात राहिला तो त्यानंतरचा बाजारचा दिवस. म्हातारा आला. दुकानात आला तो सरळ पोत्यापाशी गेला आणि स्वतःच्या हातानं पोतं काढलं. सायकलभोवती एक चक्कर मारली.

"इकली न्हाई ना?"

"न्हाई, बाबा."

"मंग घंटी मोठी बसवा," म्हातारा म्हणाला. "एवढीशी घंटी जीपवाल्याला ऐकू जात न्हाई." मग बाकावर बसलेल्या वकीलसाहेबांकडे बघून म्हणाला, "वकीलसाहेब डोक्यानं बराबर हायेत." साहेबांना ही तारीफ कोणत्याही निकालापेक्षा जास्त आवडली. महिनाभर सांगत होते.

त्याच आठवड्यात मी पेंटरकडून पाटी करून घेतली. "अपघाताच्या सायकलीला येथे आठ दिवस हात लावला जाणार नाही." सायकल दुरुस्तीच्या दुकानावर असली पाटी महाराष्ट्रात दुसरी नसेल. गिऱ्हाईक कमी होईल म्हणून घरचे कुरकुरले. झालंही थोडं. पण साहेब रोज सकाळी हवा बघायच्या निमित्तानं यायचे आणि पाटी मोठ्यानं वाचायचे.

नव्वदच्या पुढे गावात मोटारसायकली आल्या. भाड्याच्या सायकली कोणी नेईना. साहेबांचे गुडघे दुखायला लागले. मुलगी औरंगाबादला होती, ती त्यांना घेऊन गेली. जायच्या दिवशी ते सायकल माझ्याकडे ठेवून गेले. "वापरा. पण दिवा लावून." एसटी स्टँडवर मी सोडायला गेलो होतो. बस निघाली, कोपऱ्यावर उजवीकडे वळली, आणि खिडकीतून एक हात सरळ बाहेर आला. ड्रायव्हरला दाखवायला वेळ झाला नसेल म्हणून साहेबांनी दाखवला. स्टँडवरच्या कोणाला काही कळलं नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

दोनेक वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. मला ती उशिरा कळली, सगळं उरकल्यावर. त्या दिवशी मी त्यांची सायकल पुसली, हवा बघितली. हवा बराबर होती. तरी बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

परवा सिस्टर दुकानावर आल्या होत्या. आता निवृत्तीला आल्यात, केस पांढरे झालेत, स्कूटी घेतली आहे. हवा भरली, साहेबांच्या आठवणी निघाल्या, जायला निघाल्या. कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं होतं. स्कूटीचा पिवळा दिवा टिकटिक करत लागला, आणि तरी त्यांनी उजव्या हातानं गाडी थांबवून, तोच हात बाहेर काढला.

मी ओरडून विचारलं, "सिस्टर, दिवा लागलाय की! हात कशाला?"

त्यांनी वळून बघितलं. "भाऊ, दिवा काय कोर्टात येऊन सांगणार हाये?"

हात कोपरापाशी तसाच होता, जरा वाकडा. आयुष्यभर मी वाकडं सरळ करत आलो, पण त्या हाताकडे बघून माझे अंगठे जागचे हलले नाहीत. मागून भरधाव येणारी काळीपिवळी जीप तो हात बघून हळू झाली, थांबली. सिस्टर निवांत वळल्या.